अमावस्येचा चारा

मी जन्माची भित्री. गॅस बंद केला की नाही या शंकेनं टावर चौकापर्यंत गेलेली रिक्षा मी परत फिरवायला लावली आहे, आणि तेही एकदा नव्हे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे तेव्हा प्रयोगशाळेतल्या प्रत्येक बाटलीला दोन चिठ्ठ्या चिकटवत असे. एक गळून पडली तर दुसरी असावी म्हणून. मुली माझ्यामागे हसायच्या. आमचे हे रेल्वेतून निवृत्त झाले, पण मला हसण्यातून काही निवृत्त झालेले नाहीत. मला मात्र या भित्रेपणाचा मनातून गर्वच होता. आपण सगळ्याचा आधी विचार करतो, तेव्हा आपल्या हातून कुणाचं वाईट होणार नाही, अशी माझी खात्री होती.

कॉलेज सुटल्यावर ओळखीच्या लोकांनी मला नदीपलीकडच्या एका गोशाळेच्या समितीवर घेतलं. गोशाळेला लागून चरनोई होती. आपण गायरान म्हणतो त्याला इथे उज्जैनकडे चरनोई म्हणतात. कागदावर ती गवताची जमीन होती, पण निम्म्याहून जास्त जागा गाजरगवतानं बळकावली होती. पांढरी, बारीक फुलं. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, काय छान बहर आहे. गाय त्याला तोंड लावत नाही, भुकेनं लावलंच तर दूध कडू होतं. उपटणाऱ्या बायकांच्या हातांवर आणि मानेवर लाल चट्टे उठतात. आणि त्याच्या आसपास चांगलं गवत टिकत नाही.

पहिल्या वर्षी मी ते बायका लावून उपटून घेतलं. त्यात अक्कल अशी दाखवली की फुलं येऊन गेल्यावर उपटलं, आणि उपटलेल्याचे ढीग तिथेच कुरणात ठेवले. बिया वाऱ्यानं सगळीकडे गेल्या. दुसऱ्या पावसात ज्या कोपऱ्यात कधी गाजरगवत नव्हतं तिथेही ते गुडघाभर उभं राहिलं. समितीचे अध्यक्ष धान्याचे व्यापारी होते. ते बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "मैडम, आपने तो बो दिया." पेरलंत की, म्हणे. सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन दोन दिवस धुमसत राहिले.

म्हणून पुढच्या पावसाळ्यात मी फवारणीचं ठरवलं. औषध असं होतं की रुंद पानाचं तण त्यानं मरतं आणि गवत तसंच हिरवं राहतं. तण गेलं की मोकळ्या झालेल्या जागी धामण गवताचं बी टाकायचं, म्हणजे दोन वर्षांत गाईंना पोटभर चरायला मिळेल. डब्यावरचा कागद मी इतक्या वेळा वाचला की ह्यांनी विचारलं, परीक्षा आहे का. फवारलेल्या जागी जनावरं चारू नयेत, असं त्यावर ठळक अक्षरांत होतं. मी समितीला पंधरा दिवस सांगितले आणि स्वतःशी वीस धरले.

आता वीस दिवस गाई चरायला सोडायच्या नाहीत तर त्यांना घालायचं काय? यावर मी काढलेला तोडगा मला तेव्हा फार हुशारीचा वाटला. उज्जैनमध्ये अमावस्येला बाहेरगावचे लोक नदीवर नहायला येतात, आणि नहाणं झालं की गाईला हिरवा चारा घालतात. त्यातून आमच्या श्रावणातली, म्हणजे इथल्या लोकांच्या भादोंतली ती अमावस्या शनिवारी येत होती. शनिश्चरी अमावस्येची गर्दी ज्यानं पाहिली आहे त्याला सांगायला नको. त्या दिवशी गोशाळेत चाऱ्याचे डोंगर होतात. भाविकांना हातानं भरवायचं असतं म्हणून गाई बाहेर काढतच नाहीत, आणि उरलेला चारा पुढे बरेच दिवस पुरतो. तेव्हा आदल्या दिवशी, शुक्रवारी फवारायचं. कुरण रिकामं राहील आणि गाईंची पोटंही भरतील.

शुक्रवारी उघडीप होती, वारा नव्हता. दोन माणसांनी पाठीवरच्या पंपांनी सकाळीच फवारणी उरकली. फिनेलसारखा उग्र वास कुरणावर बसून राहिला. मी चरनोईच्या फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. दोन पाट्या लावल्या, एक फाटकावर आणि एक मागे नाल्याच्या बाजूला: यहाँ छिड़काव हुआ है, पशु न छोड़ें. नाल्याकडे कुंपण नव्हतं, नुसत्या दाट बाभळी होत्या. पण त्यांच्यातून गाय येऊ शकत नाही हे मी स्वतः उभी राहून तपासलं होतं. घरी येऊन दोनदा अंघोळ केली आणि शांत झोपले. एवढी शांत झोप मला सहसा लागत नाही.

अमावस्येला आमच्याकडे पोळा. मातीच्या बैलांची पूजा झाली की मी पुरणपोळीचा नैवेद्य गोशाळेतल्या दोन म्हाताऱ्या बैलांना नेत असे. त्या शनिवारीही डबा घेऊन सकाळी नऊच्या सुमाराला पोचले. गोशाळेच्या फाटकाबाहेर चारा विकणाऱ्या बायकांची रांग, ओल्या कपड्यांतले भाविक, भोंग्यावर भजन, आत चिखल. गोठ्याच्या कठड्यापाशी एक माणूस एका तांबड्या गाईला पेंढी भरवत होता आणि त्याची बायको फोटो काढत होती. गाय गाभण होती, दिवस भरत आलेले. मला ती आवडायची, म्हणून मी थांबले.

तिच्या तोंडाशी असलेल्या हिरव्या गवतात मला गाजरगवताचं एक कोवळं रोप दिसलं. ते सरळ नव्हतं. शेंडा वळून खाली आला होता आणि देठ पिळल्यासारखा झाला होता. मी ते उपसून घेतलं. असं वळलेलं रोप मी पुस्तकात पाहिलं होतं, आणि वर्गात फळ्यावर काढून दाखवलं होतं. या औषधानं ते असंच वळतं, एका दिवसात. तरी खात्री करायला मी ते नाकाशी नेलं. तो फिनेलसारखा वास आला.

नैवेद्याचा डबा हातातून चिखलात पडला. मी गाईंना कुरणात जाऊ दिलं नव्हतं, आणि कुरण भाविकांच्या हातांनी त्यांच्या तोंडापर्यंत आलं होतं. अमावस्येला गाई बाहेर निघत नाहीत एवढंच माझ्या लक्षात होतं. त्याच दिवशी गावात एवढा चारा लागतो, तो येतो कुठून, कोण कुठून कापतं, हे मी विचारातच घेतलं नव्हतं. जन्म उज्जैनमध्ये गेला, हातानं किती अमावस्यांना चारा घातला असेल, पण नाही सुचलं.

पेंढी जुन्या साडीच्या हिरव्या काठानं बांधलेली होती. तसल्याच काठाच्या पेंढ्या रांगेतल्या शेवटच्या बाईपुढे होत्या. पंचावन्नच्या आसपासची, वाळकी बाई, डोक्यावर पदर, पुढ्यात विळा. मी खाली बसून अगदी हळू विचारलं की हे कुठून कापलं. ती न बिचकता म्हणाली, "गोशाला की ही घास है, मैडमजी. सुबह वहीं से काटी, यहीं ले आई. गाय का गाय को दे दिया, इसमें चोरी कैसी?" दुसऱ्याच्या शेतातून अमावस्येला एक काडी आणणार नाही, असंही तिनं सांगितलं. बाभळींखालून वाकून ती आत गेली होती.

मी तेव्हाच तिला खरं सांगायला हवं होतं. पण आमच्याभोवती पन्नास माणसं उभी होती. एका वासराला धक्का लागला म्हणून गर्दीनं एका रिक्षावाल्याचं काय केलं होतं, ते मी देवास गेटजवळ डोळ्यांनी पाहिलं होतं. इथे नुसतं जहर एवढा शब्द तोंडातून निघाला असता तर आधी ही बाई गेली असती, आणि मग चौकशी करत ते माझ्यापर्यंत आले असते. मी तिच्यासाठी घाबरले हे खरं आहे. स्वतःसाठी त्याहून जास्त घाबरले, हेही खरं आहे.

म्हणून मी खोटं बोलले. तिला म्हणाले, "घास गीली है, गायों को आफरा हो रहा है. बाकी की वापस ले जाओ." ओला चारा जास्त झाला की गाईचं पोट फुगतं, ते इथे लहान पोरालाही माहीत आहे. तिला पटलं. तिनं मुकाट्यानं उरलेल्या पेंढ्या चादरीत बांधल्या, डोक्यावर घेतल्या आणि निघाली. मी आत जाऊन व्यवस्थापकाला तेच सांगितलं. भजन थांबलं आणि भोंग्यावरून सूचना झाली की डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार ओला चारा घालू नये. सगळ्यांनी ऐकलं. हिरव्या काठाच्या पेंढ्या मी स्वतः वेचून एका पोत्यात भरल्या.

मग गोठ्यामागे जाऊन ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांना मात्र सगळं सांगितलं. ते म्हणाले, थोडंच खाल्लं असेल तर बहुधा काही होणार नाही, पण लक्ष ठेवा. लाळ गळते का, चालताना झोकांडी जाते का, रवंथ थांबतो का ते बघा. गाजरगवतही पोटात गेलंय, ते वेगळंच. आणि दुभत्या गाईंचं दूध पंधरा दिवस कुणाला देऊ नका, उगाच धोका कशाला.

हे दुपारी स्कूटरवरून आले. पोळ्याच्या दिवशी बायको जेवायला घरी नाही म्हणून शोधत आले होते. मला कठड्याशी बसलेली पाहून म्हणाले, "इथे काय करून राहिलीस?" मी सांगितलं. ते हसले नाहीत. ते हसले नाहीत याची मला फार भीती वाटली. माझ्याशेजारी बसले आणि आम्ही दोघं तांबड्या गाईच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती मधेच रवंथ थांबवायची आणि मी उठून उभी राहायचे, मग पुन्हा तिचा जबडा हलायला लागायचा. दिवेलागणीपर्यंत कुठल्याच गाईला काही झालं नाही. डॉक्टर येऊन बघून गेले आणि म्हणाले, घरी जा. मी गोशाळेतल्या देवाला नमस्कार केला, एरवी मी तिकडे फिरकत नाही.

रविवारी सकाळी मी दूध तापवत होते. दूध वर आलं, गॅस बारीक करायला हात पुढे केला, आणि तेव्हा मला उरलेल्या पेंढ्या आठवल्या. ती बाई त्या डोक्यावर घेऊन घरी गेली होती. चारा विकणाऱ्या बाईच्या घरी गाय असतेच. दूध ओट्यावरून खाली सांडत राहिलं आणि मी नुसती उभी होते. ह्यांनी येऊन गॅस बंद केला. मी म्हणाले, "अहो, गाडी काढा."

तिचं घर मला माहीत नव्हतं. देवास गेटजवळ चारा घेऊन बसणाऱ्या बायकांना विचारलं. हिरव्या काठाची साडी फाडून पेंढ्या बांधते ती, म्हटल्यावर एकीला कळलं. चरनोईमागच्या नाल्यापलीकडे वस्ती आहे, तिथे. सबंध वाटेत मी एकच हिशेब करत होते, की काल सकाळी गवत घरी गेलं, म्हणजे गाईची एक संध्याकाळ आणि एक सकाळ झाली. हे खड्डे चुकवत सावकाश चालवत होते आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना म्हणाले की जोरात चालवा.

दोन खोल्यांचं घर होतं, वर पत्रा. पत्र्यावर गवत पसरलेलं होतं, नीट विरळ करून. दाराशी काळी गाय बांधलेली होती आणि तिच्या पुढ्यात तेच गवत, अर्धवट सुकलेलं. ती सावकाश, मन लावून खात होती.

बाईला मला पाहून आनंद झाला. गोशाळेच्या मैडम घरी आल्या म्हणून तिनं खाट झटकली, सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी काही बोलायच्या आत तिनं पत्र्याकडे बोट दाखवलं. "आपने कहा था गीली है, तो मैंने धूप में डाल दी. अब आफरा नहीं होगा." तिच्या आवाजात, सांगितलेलं नीट ऐकणाऱ्या विद्यार्थिनीचं समाधान होतं. मी खोटं सांगितलं होतं, आणि त्या खोट्यावर तिनं बरोबर उपाय केला होता.

सुनेनं चहाचा स्टीलचा पेला माझ्या हातात दिला. दुधाचा दाट चहा होता. दारात दोन-अडीच वर्षांची नात रिकामी वाटी घेऊन बसली होती आणि तिच्या ओठांवर दुधाची पांढरी रेघ होती. मला तिच्याकडे बघवेना. मी पेला हातात धरून सगळं सांगितलं. कुरणावर औषध फवारलं होतं, ते गाजरगवत मारायचं औषध आहे, ते जनावराच्या पोटात जाऊ द्यायचं नसतं. काल लोकांना घाबरून मी तुला आफरा सांगितला. बोलताना मी दोनदा रडले, ते तिला आवडलं नसावं.

ती उठली आणि गाईपुढचं गवत पायानं बाजूला सारलं. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "तख्ती मैंने पढ़ी थी. पाँचवीं पास हूँ. लिखा था, पशु न छोड़ें. मैंने कहाँ छोड़े?"

दोन पाट्या लिहिल्या होत्या, आणि दोन्हींवर फक्त गाईंचा विचार केला होता.

ती वळली तेव्हा तिची नजर माझ्या हातातल्या पेल्यावर गेली. चहा तसाच होता, वर साय धरली होती. तिनं पेल्याकडे पाहिलं, मग नातीकडे, मग माझ्याकडे. "इसीलिए नहीं पी रहीं?"

मी तेव्हा पेला तोंडाला लावायला हवा होता. मला ते कळत होतं, आणि हात उचलला गेला नाही. तिनं पेला माझ्या हातातून काढून घेतला आणि मोरीत ओतून टाकला.

हे त्याच जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी काळ्या गाईला तपासलं, मुलीचे डोळे आणि पोट पाहिलं, ठीक वाटतंय म्हणाले, तरी मुलीला दवाखान्यात दाखवून आणा असं सांगितलं. आम्ही तिला फ्रीगंजमध्ये मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनीही काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं, पण काही दिवस लक्ष ठेवा म्हणाले. काही दिवस लक्ष ठेवा, हे वाक्य मी यापूर्वी कितीतरी जणांना सहज ऐकवलं असेल. पत्र्यावरचं गवत बाईनं खाली ओढलं आणि आम्ही ते खड्डा करून पुरलं. आमच्या घरी येणारं दूध मी रोज तिच्याकडे पोचवायला लागले.

पंधरा दिवस मी रोज सकाळी त्या घरी जात होते. वाटेत चरनोई लागायची. गाजरगवत आधी वाकलं, मग पिवळं पडलं, मग काळं होऊन बसलं, आणि मधून गवत असं तरारून वर आलं की समितीचे अध्यक्ष बघून खूश झाले. त्यांनी फोन करून माझं कौतुक केलं. मी हो-हो म्हणत होते आणि डोळ्यांसमोर ती वाटी होती. रोज वस्तीच्या वळणापासून गाय दाराशी उभी दिसेपर्यंत मी दुसरं काही बघत नसे. मग मुलीचा आवाज ऐकू येईपर्यंत स्कूटरवरून उतरत नसे.

बाई माझ्याशी फारसं बोलत नसे. बिनदुधाचा काळा चहा पुढे ठेवायची आणि कामाला लागायची. एकदाच आपणहून बोलली. गाजरगवत फूल येण्याआधी उपटायचं असतं, पाऊस पडून माती मऊ असते तेव्हा, आणि हाताला कपडा बांधून. हे वस्तीतल्या कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं, म्हणाली. मी वहीत लिहून घेतलं.

सोळाव्या दिवशी पोचले तेव्हा ती गाईचं दूध काढत होती. तांब्या घेऊन आत गेली. मी खाटेवर बसून राहिले. हे बाहेर स्कूटरपाशी उभे होते. नात येऊन माझ्या पर्सच्या पट्ट्याशी खेळायला लागली. डॉक्टरांचे पंधरा दिवस भरले होते. समितीलाही मी पंधराच सांगितले होते. मी स्वतःशी वीस धरले होते, ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

बाईनं चहा आणला, दुधाचा, वाफाळता. दुसऱ्या हातात वाटीभर दूध होतं. वाटी बघून मुलगी हात पसरून धावली. बाईनं वाटी वर धरली आणि पेला माझ्यापुढे केला.

"आप पियो," ती म्हणाली. "फिर इसको दूँगी."

मी दोन्ही हातांनी पेला धरला आणि न थांबता सगळा प्याले. जीभ भाजली. तिनं वाटी तशीच वर धरली होती आणि मी रिकामा पेला खाली ठेवेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती.